सिबिल 'मायनस एक' दाखवतंय, बँक कर्ज देईना: आधी काय तपासायचं, मग काय करायचं

तक्रार तीच असते, सांगणारं पोर तेवढं बदलतं. वाळूजला कंपनीत लागून वर्ष झालं, गाडी हप्त्यावर घ्यायचीय, तर फायनान्सवाला म्हणतो सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा स्कोअर) नाही. धंद्याच्या कर्जासाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र काढून बँकेच्या शाखेत गेलं, तर साहेब म्हणाले सिबिल नाही. लातूरला क्लास लावून बारावी काढली, इंजिनिअरिंगला नंबर लागला, शैक्षणिक कर्जाला गेलं, पुन्हा तेच. मग कुणीतरी मित्र सांगतो की अमुक ॲपवरून पाच हजार उचल, आपोआप सिबिल तयार होतं. खरा घोळ तिथून सुरू होतो.

मी तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन कामाचं दुकान चालवतो. पीकविमा, दाखले, प्रवेशाचे फॉर्म आणि अलीकडं सिबिलचे रिपोर्ट. माझं म्हणणं एवढंच आहे की रिपोर्ट वाचल्याशिवाय कर्ज शोधायला निघू नका. काउंटरवरचा माणूस घाईत 'सिबिल नाही' म्हणतो तेव्हा इतिहासच नाही, स्कोअर पडलाय, नाव जुळत नाही किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचं थकलंय, यातलं काहीही असू शकतं. एकाचा इलाज दुसऱ्याला लावला की होतं तेही बिघडतं.

रिपोर्ट कसा काढायचा

आपल्याकडं कर्जाची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं २०१७ पासून प्रत्येकीनं वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा. पैसे भरायचे प्लॅन डोळ्यासमोर येतील, त्यातला एकही घ्यायची गरज नाही. पॅन, जन्मतारीख आणि ओटीपीसाठी मोबाईल एवढं लागतं. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं कर्जाच्या अर्जासाठी पाहिला की मात्र 'चौकशी' म्हणून नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा नोंदींची रांग लागली तर पुढच्याच्या मनात शंका येते. म्हणून एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकून 'कुठंतरी बसेल' हा हिशोब करू नका.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, जितका जास्त तितका चांगला. त्याऐवजी मायनस १, एनएच किंवा एनए असं दिसलं तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

रिपोर्ट कोराच आहे

मायनस एक हा गुण नाही. ३०० च्याही खालचं काहीतरी भयंकर, असं समजून पोरं घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच की तुमच्या नावावर हिशोब करण्याजोगा कर्जव्यवहारच नोंदलेला नाही. थकबाकीदार असा शिक्का त्यात नाही.

आपल्या भागात गंमत अशी की घरात उधारीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या असतो. मोंढ्यातला आडत्या बी-खताला उचल देतो, सोयाबीन आलं की पट्टीतून वळती करून घेतो, आणि वडिलांचा शब्द त्याच्याकडं चेकपेक्षा जास्त चालतो. गावात भिशी असते, पाव्हण्यांचे हातउसने असतात. यातलं काहीच सिबिलला कळत नाही. बऱ्याच छोट्या पतसंस्थाही या कंपन्यांना माहिती पाठवत नाहीत, त्यामुळं तिथलं कर्ज वेळेवर फेडूनही रिपोर्ट कोरा राहतो. कर्ज घेण्याआधी विचारून घ्या. खात्यात जमा होणारा पगार, यूपीआय, एलआयसीचा हप्ता, एसआयपी, मुदत ठेव यांनीही स्कोअर बनत नाही. महिला बचत गटाचं बँकेचं कर्ज किंवा मायक्रोफायनान्सचं गटकर्ज मात्र सभासदाच्या नावावर नोंदतात. 'माझं तर सिबिलच नाही' म्हणणाऱ्या सुनेच्या नावावर लग्नाआधीचं गटकर्ज निघतं, ते असं.

आता बँकेला काय म्हणायचं? रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत स्पष्ट आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये. सरकारनं हे लोकसभेतही सांगितलंय. पण या वाक्याचा कागद नाचवून कर्ज मिळत नाही, कारण बँक उत्पन्न, नोकरी, तारण बघायला मोकळीच आहे. म्हणून इतिहासाच्या जागी दुसरा पुरावा न्या. ठेकेदाराकडं असाल तर सहा महिन्यांचा पगार खात्यावर आलेला दिसला पाहिजे, सोबत पीएफचं पासबुक. यूएएन नंबर टाकून निघतं ते, आणि कंपनीच्या तोंडी आश्वासनापेक्षा त्याला वजन आहे. दुकान, गॅरेज, पार्लर असेल तर उद्यम नोंदणी काढा. ती सरकारी पोर्टलवर फुकट आहे, तिचे पैसे घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. रोख गल्ल्यातली विक्री रोज नाही तर निदान आठवड्याला खात्यात भरा. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज आहे आणि त्याला तारण लागत नाही. नव्या माणसाला तिथून सुरुवात करणं मला थेट दहा लाख मागण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं. महामंडळाच्या योजनेतलं कर्जही बँकच देते, महामंडळ फक्त व्याजाचा परतावा करतं, आणि तोही हप्ता वेळेवर भरला तर. त्यामुळं पात्रता प्रमाणपत्र म्हणजे मंजुरी नव्हे.

कर्जाची आत्ता घाई नसेल तर इतिहास तयार करायचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे मुदत ठेवीवरचं क्रेडिट कार्ड. ठेव बँकेत राहते, तिच्यावर व्याज चालू असतं आणि ठेवीच्या साधारण ७५ ते ९० टक्के, कुठं कुठं पूर्ण रकमेइतकी मर्यादा असलेलं कार्ड मिळतं. पगारपत्रकाचा आग्रह सहसा नसतो, कारण पैसे बँकेकडंच आहेत. शाखेत नुसतं 'क्रेडिट कार्ड' म्हणू नका, ते फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) मागून वाटेला लावतात. 'एफडीवरचं कार्ड' म्हणा. तालुक्याच्या शाखेत 'आमच्याकडं होत नाही' असं ऐकू आलं तर बँकेच्या ॲपवर बघा किंवा जिल्ह्याच्या शाखेत जा.

समजा २० हजारांची ठेव ठेवली आणि १८ हजारांची मर्यादा मिळाली. महिन्याला चार-पाच हजारांपर्यंतच वापरा. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं दिसतं. दर महिन्याला पूर्ण मर्यादा संपवणारा माणूस हातघाईला आलेला वाटतो, मग त्यानं नंतर सगळे भरले तरी. कार्ड रुपेचं घेतलं तर ते यूपीआयला जोडता येतं आणि पेट्रोलपंपावर, किराणा दुकानात क्यूआर स्कॅन करून चालतं. ते दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, मित्राच्या नंबरवर पैसे पाठवायला नाही. बिल आलं की 'टोटल ड्यू' भरा. खाली 'मिनिमम ड्यू' म्हणून दोन-अडीचशेचा आकडा असतो, तो बघून लई जण फसतात: उरलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास जातं. गावातला सावकार याहून स्वस्त पडायचा एखादवेळी. थोडी बाकी ठेवली की सिबिल लवकर वाढतं, असं सांगणारे भेटतील. ते खोटं आहे. एटीएममधून कार्डावर रोख काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

असं सहाएक महिने चाललं की मायनस एक जाऊन आकडा दिसू लागतो. पटकन साडेसातशे होत नाही, पण सुरुवात झालेली असते.

आईच्या दागिन्यांवर स्वतःच्या नावानं सोनेतारण कर्ज घेतलं तरी नोंद होते. मला तो मार्ग फारसा आवडत नाही. बऱ्याचदा मुद्दल-व्याज शेवटी एकदम भरायचं असतं, तो दिवस नेमका खरिपाच्या पेरणीत येतो आणि लिलावाची नोटीस घरी आईच्या हातात पडते. गरज असेल तर घ्या, निव्वळ सिबिलसाठी नको.

ॲपवर ७४०, बँकेत मायनस

दोन्ही खरे असू शकतात. मोबाईलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये एक्सपेरियनचा किंवा हाय मार्कचा आकडा असतो, तुमची बँक सिबिलचा बघते. प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. बँक कुठला बघते ते विचारा आणि त्याच कंपनीचा रिपोर्ट काढा.

दुसरं कारण नावाचं. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, दहावीच्या सनदेवर आईचं नाव मध्ये, लग्नानंतर आणखी वेगळं. त्यात फायनान्सच्या काउंटरवर पॅनचा एक आकडा चुकला की बँकेला तुम्ही सापडतच नाही. आधी पॅन आणि आधार एकसारखे करून घ्या.

स्कोअर आहे, पण सहाशेच्या घरात

इथं मला जरा वेळ घ्यायचाय, कारण माझ्याकडं येणाऱ्या नोकरदार पोरांत हे सगळ्यात जास्त आहे आणि त्यांना आपलं काय चुकलं तेच कळत नाही. 'मी तर सगळे हप्ते भरले' असं म्हणतात आणि ते खरंही असतं.

नमुना असा. १८ हजारांचा मोबाईल, बारा हप्ते, दीड हजाराचा एक. 'झिरो टक्के' म्हणून घेतला, फायनान्सवाल्यानं हप्त्याची तारीख ५ टाकली. ठेकेदाराचा पगार येतो ७ ते १० च्या दरम्यान. ५ तारखेला खात्यात दोनशे रुपये, त्यामुळं ऑटोडेबिट परत गेलं. फायनान्स कंपनीनं बाउन्सचा दंड लावला, ज्या बँकेत खातं आहे तिनं वेगळा कापला. १० ला पगार आला, पोरानं लिंकवरून दीड हजार भरले आणि विषय मिटला असं समजलं. दंड मात्र तसाच राहिला. पुढच्या महिन्यात पुन्हा हेच. वर्ष संपलं, बारा हप्ते पूर्ण झाले, मोबाईलची काचही फुटली, तरी रिपोर्टमध्ये खातं 'चालू' आणि 'थकीत रक्कम' म्हणून तीन हजारांच्या वर आकडा. हे सगळे बाउन्सचे दंड.

रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली महिन्याची चौकट असते, प्रत्येक चौकटीत तीन आकडे. ००० म्हणजे ठीक. ०३४ म्हणजे ३४ दिवस उशीर. एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहिती आलीच नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. छत्तीस महिन्यांच्या चौकटी दिसतात, म्हणजे आजचा उशीर तीन वर्षं पुढच्या प्रत्येक बँकेला दिसणार. कर्ज देणाऱ्यांना २०२५ पासून किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, आधी महिन्याला पाठवत. त्यामुळं 'महिनाअखेरपर्यंत भरलं की चालतं' हा जुना हिशोब सोडा.

दुरुस्ती: फायनान्स कंपनीकडून खात्याचा पूर्ण उतारा मागवा, ॲपवरचा गोषवारा नको. त्यात दंडाच्या ओळी दिसतील. शाखेत जाऊन बोललात तर काही दंड माफ होतात, सगळे नाही. उरलेला भरा, पावती घ्या आणि एनओसी (आता काही बाकी नाही असं पत्र) घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. महिना-दीड महिन्यानं रिपोर्ट परत काढून खातं 'बंद' झालंय का बघा. वसुलीवाला फोनवर 'अर्ध्यात मिटवून टाकू' म्हणाला तर सावध व्हा: त्याची नोंद 'सेटल्ड' अशी होते आणि पुढची बँक ती 'बुडवलं' अशीच वाचते. ऐपत असेल तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्या.

हे टाळायचं तर सही करतानाच तारीख पगाराच्या पुढची मागा, १२ किंवा १५. क्रेडिट कार्डाची बिलाची तारीखही बदलून मिळते, निदान एकदा तरी बदलून द्यावीच लागते असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ज्यांचा पैसा हंगामी आहे, म्हणजे ऊसतोडीची उचल किंवा सोयाबीनची पट्टी, त्यांनी महिन्याचा हप्ता शक्यतो घेऊच नये. घ्यायचाच तर ज्या खात्यातून हप्ता कापतो तिथं तीन हप्त्यांचे पैसे पडून राहिले पाहिजेत, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड खिशात नको.

पाच-सात हजारांची ॲपवरची कर्जं याच घरातली. एकेक छोटं असलं तरी रिपोर्टमध्ये प्रत्येक वेगळं खातं दिसतं, आणि अशा सहा खात्यांची यादी बघून कुठलाही शाखाधिकारी फाइल बाजूला ठेवतो. शिवाय काही ॲप तर कुठल्या बँकेशी किंवा नोंदणीकृत कंपनीशी जोडलेलीच नसतात. त्यांचं फेडून रिपोर्टमध्ये काही येत नाही, आणि थकलं तर तुमच्या मोबाईलमधल्या सगळ्या नंबरांवर फोन जातात. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर अधिकृत कर्जदात्यांच्या ॲपची यादी आहे. त्यात नाव नसेल तर ॲप काढून टाका.

थकलंय वडिलांचं, अडलंय पोराचं

वडिलांचं पीककर्ज थकलं म्हणून तुमचा स्कोअर पडत नाही. तुम्ही त्यात सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तरच ते तुमच्या रिपोर्टमध्ये येतं. हे आधी तपासा, कारण भावकीत 'जरा सही कर' म्हणून जामीन राहिलेलं नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

तरीही बँक अडवते ती दोन ठिकाणी. एक, सामायिक सातबारा आणि त्यावरचा बोजा. दुसरं, शैक्षणिक कर्ज, कारण तिथं वडील सहकर्जदार असतात आणि बँक त्यांचा रिपोर्ट काढते. कमी मुदतीच्या पिकांचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते अडकलेलं कर्ज धरते. सलग दोन वर्षं पाऊस हातचं घेऊन गेला किंवा कर्जमाफीची वाट बघत नवं-जुनं (जुनं भरून लगेच नवं कर्ज उचलणं) करायचं राहिलं, की तिथवर पोचायला वेळ लागत नाही. यावर उपाय असा की सहकर्जदार म्हणून आई, नोकरीतला भाऊ, नाहीतर मामा चालतो का ते अर्ज भरण्याआधी विचारा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला पतहमी योजनेखाली तारण लागत नाही, तेव्हा 'जमिनीचे कागद आणा' म्हटलं तर तेही विचारा. आणि हे कर्ज तुमच्या नावाचं पहिलं कर्ज असतं. शिक्षण संपून साधारण वर्षानं हप्ता सुरू होतो, नोकरी लागली असो वा नसो. त्या वेळी फोन बंद करून बसणाऱ्यांचं सिबिल पंचविशीतच जातं.

पीककर्जासाठी सिबिल मागू नका असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं आहे. शाखेत तरी विचारतातच, तेव्हा याची आठवण करून द्यायला हरकत नाही. पण ते पीककर्जापुरतं. ट्रॅक्टर, गाई-म्हशी, शेडनेट यांच्या मुदत कर्जाला ते लागू करून वाद घालू नका.

जे कर्ज घेतलंच नाही ते दिसतंय

पॅनची झेरॉक्स गावभर फिरलेली असते, त्यातून हे होतं. सिबिलच्या वेबसाइटवर तक्रार टाका आणि ज्या कंपनीचं कर्ज दिसतंय तिलाही लेखी द्या, कारण तिनं मान्य केल्याशिवाय सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, ती फुकट असते. इथून पुढं झेरॉक्सवर सही करताना 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख आडवी लिहीत चला.

'पाच हजारांत सिबिल क्लिअर' म्हणणारे यातलंच काम करतात, म्हणजे तीच फुकटची तक्रार तुमच्या नावानं टाकतात. खरी थकबाकी त्यांच्यानंही पुसली जात नाही, आणि तुमचा ओटीपी मात्र त्यांच्याकडं जातो.

सगळं नीट असूनही शाखेनं तोंडी नाही म्हटलं, तर अर्ज पोच घेऊन द्या आणि नकाराचं कारण लेखी मागा. बँकेनं ते द्यायचं असतं. लेखी मागितल्यावर काही ठिकाणी फाइल पुन्हा उघडून बघतात. नाही बघितली, तरी कागदावर 'इतिहास नाही' आहे, 'उत्पन्न अपुरं' आहे की 'सहकर्जदाराची थकबाकी' आहे, ते कळतं आणि त्यावरून वरचा कुठला भाग आपल्याला लागू ते ठरवता येतं.